'बनगरवाडी'चे माडगूळकर तीन दशकं रेडिओवर काय करत होते? उजनीकाठच्या गावांनी ते का समजून घ्यावं?

उन्हाळा कडक झाला आणि उजनी मायनसमध्ये गेली की दोन गोष्टी हमखास होतात. एक, सोलापूर जिल्ह्यात पाण्याच्या पाळ्यांवरून ओरड सुरू होते. दोन, जुन्या पळसदेवचं मंदिर पाण्याबाहेर येतं. मग होड्या निघतात, मोबाईल बाहेर येतात, ड्रोन उडतात. दहा सेकंदांची रील तयार होते आणि संध्याकाळपर्यंत ती आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर येऊन पडते.

त्या रीलमध्ये दगड दिसतात, शिखर दिसतं, भेगाळलेला गाळ दिसतो. पण एक गोष्ट नसते. गावाचा आवाज. मागे कुठलं तरी गाणं लावलेलं असतं. त्या देवळाच्या पायरीवर कोण बसायचं, कुठल्या विहिरीला गोड पाणी होतं, कुणाच्या बांधावरून किती वर्षं भांडण चाललं होतं, हे दगड सांगत नाहीत. ते सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.

उठून गेलेलं गाव माणसांच्या बोलण्यातून कसं जपायचं, हे मराठीत एका माणसाने करून दाखवलं. लेखक म्हणून त्यांना आपण ओळखतो. त्यांची नोकरी मात्र रेडिओवरची होती, आणि तीही ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागातली. ते म्हणजे व्यंकटेश माडगूळकर. 'बनगरवाडी' आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल, निदान धडा म्हणून नाव तरी ऐकलं असेल. त्यांचं रेडिओचं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

थोडक्यात

- जन्म १९२७, माडगुळे. तेव्हा औंध संस्थान, आज सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका.
- शाळा अर्धवट. आधी शिक्षक, मग पत्रकारिता, मग चित्रपटलेखन. १९५५ पासून आकाशवाणी पुणे.
- 'माणदेशी माणसं', 'बनगरवाडी', 'वावटळ', 'सत्तांतर' ही महत्त्वाची पुस्तकं.
- १९८३ मध्ये अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्याच वर्षी 'सत्तांतर'साठी साहित्य अकादमी पुरस्कार.
- निधन ऑगस्ट २००१, पुणे.

माणदेश आणि उजनी यांचा संबंध काय?

नकाशा उघडून पाहा. माण नदी, जिला लोक माणगंगा म्हणतात, ती साताऱ्याच्या माण तालुक्यातून निघते, आटपाडी आणि सांगोल्यातून वाहते आणि पंढरपूरच्या खाली सरकोलीजवळ भीमेला मिळते. त्याच भीमेवर, वरच्या अंगाला, माढा तालुक्यात उजनी धरण आहे.

म्हणजे नदी शेवटी एकच. पण एका बाजूला पावसाची वाट पाहणारा माणदेश आणि दुसऱ्या बाजूला ११७ टीएमसीचा जलाशय. माणदेशातली माणसं दुष्काळाने गाव सोडून गेली. करमाळा, इंदापूर, माढा, दौंड, कर्जत तालुक्यांतल्या भीमाकाठच्या माणसांनी पाणी आलं म्हणून गाव सोडलं. कारणं उलटी असली तरी बैलगाडीत भरलेलं सामान सारखंच होतं.

शाळा सुटली, मग शिकले कुठे?

माडगूळकरांचे वडील औंध संस्थानात साध्या नोकरीत होते. घरची परिस्थिती बेताची, भावंडं बरीच. थोरले भाऊ गजानन, म्हणजेच ग. दि. माडगूळकर, पुढे 'गदिमा' झाले. धाकटे व्यंकटेश. जवळची माणसं त्यांना तात्या म्हणायची.

औंध हे संस्थान छोटं, पण वेगळं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वातंत्र्याच्या आधीच, १९३९ मध्ये, कारभार लोकांच्या हाती देण्याचा प्रयोग केला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. पुढे 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची कथा गदिमांनी लिहिली, ती याच प्रयोगावरून सुचलेली.

अशा मुलखात वाढलेला हा मुलगा १९४२ च्या चळवळीत ओढला गेला. घर सुटलं, शाळा सुटली. मॅट्रिकचं सर्टिफिकेट हातात कधी आलंच नाही. त्याआधी कोवळ्या वयातच निंबवडे गावात त्यांनी शाळामास्तरकीही केली. आज ज्या वयात आपण दहावीच्या टक्क्यांचं टेन्शन घेतो, त्या वयात हा मुलगा दुसऱ्यांची मुलं शिकवत होता.

पुढचं शिक्षण त्यांनी स्वतःचं स्वतः केलं. चित्रकलेची आवड होती, ती अखेरपर्यंत टिकली. आपल्या लेखनासोबतची रेखाटनं ते स्वतः काढत. इंग्रजी स्वतः शिकले, ते परदेशी लेखक मुळातून वाचता यावेत म्हणून. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चित्र काढणारा माणूस आधी नीट बघतो. मास्तरकी करणारा माणूस आधी समोरच्याला काय कळतं आणि काय कळत नाही हे ताडतो. या दोन्ही सवयी पुढे रेडिओवर कामाला आल्या असणार, असं त्यांचं लेखन वाचताना वाटत राहतं.

पत्रकारितेतून पुस्तकाकडे

वयाच्या एकविशीत, १९४८ च्या सुमारास, ते पत्रकारितेत आले. दोनेक वर्षांनी मुंबई गाठली आणि मराठी चित्रपटांसाठी लिहू लागले. पुढे १९५९ मध्ये प्रचंड गाजलेल्या 'सांगत्ये ऐका'च्या लेखनातही त्यांचा हात होता.

याच काळात त्यांच्या घरावर आणि गावावर एक संकट येऊन गेलं होतं. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्याची झळ माडगुळ्यालाही बसली. स्वतःच्या गावाने आपल्याशी असं वागावं, ही साधी गोष्ट नव्हती. त्यावरची 'वावटळ' ही कादंबरी त्यांनी लिहिली ती १९६४ मध्ये, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. त्या वेळी गावात नेमकं काय झालं, कोण कसं वागलं, कोण मदतीला आलं, हे तिच्यात आहे. सूड मात्र तिच्यात नाही.

त्या घटनेनंतर पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्यांचं 'माणदेशी माणसं' हे पुस्तक आलं होतं. तारखांचा हा क्रम पाहण्यासारखा आहे. गावात एवढं घडून गेल्यावर या तरुणाने पहिलं पुस्तक लिहिलं ते त्याच भागातल्या माणसांवर, आणि जिव्हाळ्याने. धर्मा रामोशी, रामा मैलकुली, शाळेतला झेल्या. यातलं कुणीही पुढारी नाही, वीरपुरुष नाही. दोन वेळच्या भाकरीची भ्रांत असलेली ही माणसं आहेत.

त्याआधी मराठी कथेत गाव नव्हतं असं नाही. पण पुष्कळदा ते शहरातून पाहिलेलं असायचं. कधी हिरवंगार आणि भाबडं, कधी विनोदापुरतं. माडगूळकरांच्या गावात ऊन आहे, धूळ आहे, भूक आहे. आणि माणूस जसा बोलतो तसाच तो पानावर बोलतो.

'बनगरवाडी'त नेमकं काय आहे?

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका लहानशा वाडीवर राजाराम सौंदणीकर नावाचा पोरसवदा मास्तर एकशिक्षकी शाळा चालवायला जातो. पहाटे अंधारात घरून निघून चालत वाडी गाठतो. शाळा आहे, पण पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे आहेत. हळूहळू म्हातारा कारभारी आणि वाडी त्याला आपलं मानू लागते. मास्तर पत्रं लिहून देतो, भांडणं मिटवतो. सगळ्यांच्या कष्टातून वाडीत तालीम उभी राहते. तिच्यासाठी खुद्द राजा वाडीवर येतो.

आणि मग पाऊस येत नाही. मेंढरं मरू लागतात. एकेक घर बंद होतं. माणसं जगायला निघून जातात. शेवटी मास्तरलाही निघावं लागतं.

एवढीच गोष्ट. १९५४-५५ च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली. १९५८ मध्ये राम देशमुखांनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं. १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. वाडी ओस पडली, पण सत्तर वर्षं झाली तरी ती वाचणाऱ्याच्या डोक्यातून जात नाही.

रेडिओवर कधी आणि कसे आले?

आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, माडगूळकर तिथे ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात रुजू झाले.

ते वर्ष पुणे केंद्रासाठी खासच होतं. १ एप्रिल १९५५ ला तिथून 'गीतरामायण' सुरू झालं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडके यांचं. आठवड्याला एक नवं गीत, असं ते वर्षभर चाललं आणि ५६ गीतं झाली. घराघरात लोक रेडिओभोवती जमू लागले.

म्हणजे एकाच केंद्रावर एकाच सुमारास माडगुळ्याचे दोन भाऊ. थोरल्याचं काम देशभर गाजलं आणि आजही गाजतंय. धाकट्याचं काम वेगळं होतं. शेती, जनावरं, पाऊसपाणी, आरोग्य, गावचा कारभार. सणावाराचं नाही, रोजचं. आज प्रसारित झालं की उद्या विसरलं जाणारं. तीन दशकं त्यांनी हे काम केलं.

तेव्हा रेडिओ गावापर्यंत पोहोचायचा कसा?

इथे थोडं तंत्र समजून घेऊ. आज आपण गाडीत एफएम ऐकतो. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मध्ये डोंगर आला किंवा अंतर वाढलं की आवाज खरखरतो. आकाशवाणीची जुनी केंद्रं मध्यम लहरींवर चालायची. पुणे केंद्राची मध्यम लहरींवरची ओळख म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ. या वारंवारतेच्या लहरीची लांबी जवळपास ३७९ मीटर येते. एवढी लांब लहर जमिनीला धरून, उंचसखल भागावरून वळत पुढे जाते. म्हणून एकाच केंद्राचा कार्यक्रम अनेक जिल्ह्यांत पोहोचायचा. सोलापूरला स्वतःचं केंद्र पुढे आलं. त्याआधी भीमाकाठच्या या पट्ट्याला पुण्याचा आवाज जवळचा होता.

पण लहर पोहोचली म्हणजे माणसापर्यंत कार्यक्रम पोहोचला असं होत नाही. सुरुवातीच्या काळात रेडिओ महाग होता, त्याला सरकारी परवाना लागायचा. गावात एखादाच संच, तोही चावडीवर किंवा ग्रामपंचायतीत. लोक जमून ऐकायचे. नंतर ट्रान्झिस्टर आला. वीज नसली तरी सेलवर चालणारा रेडिओ मोटेवर, गुऱ्हाळावर, मेंढरांमागे जाऊ लागला.

पुण्यात झालेला तो प्रयोग

१९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला आणि त्यासाठी केंद्र निवडलं पुणे. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं घेतली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं एक मंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम.

नुसतं ऐकायचं नाही, ही यातली खरी गोष्ट. कार्यक्रम संपला की मंडळाने चर्चा करायची, आपल्या गावात काय करता येईल ते ठरवायचं आणि शंका केंद्राला कळवायच्या. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत द्यायची. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकरी रेडिओ मंडळांची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत मंडळं होती, तिथल्या लोकांची माहिती मंडळं नसलेल्या गावांपेक्षा कितीतरी जास्त वाढल्याचं दिसलं. मग १९५९ पासून ही कल्पना देशभर नेली गेली.

माडगूळकर ज्या केंद्रावर वर्षभरापूर्वीच ग्रामीण विभागात आले होते, तिथेच हे घडलं. त्याचा अर्थ साधा आहे. शेतकऱ्याला फक्त माहिती पाठवून भागत नाही, त्याचं ऐकूनही घ्यावं लागतं, हे त्या काळी त्या केंद्रावर सिद्ध झालं.

पुढे १९६६ पासून आकाशवाणीने निवडक केंद्रांवर शेती आणि गृह कार्यक्रमांसाठी वेगळे विभाग सुरू केले. संकरित बियाणं, रासायनिक खतं, फवारणी हे शब्द गावात रुजले त्यात रेडिओचा मोठा वाटा होता. तमिळनाडूत तर भाताच्या एका नव्या वाणाला शेतकरी रेडिओ भात म्हणू लागले, कारण त्याची माहिती त्यांना रेडिओवरूनच मिळाली होती.

गावाशी रेडिओवरून बोलणं अवघड का असतं?

समजा, तुम्हाला खताची मात्रा सांगायची आहे. कृषी खात्याचं पत्रक समोर आहे. ते जसंच्या तसं वाचलं तर दुसऱ्या मिनिटाला ऐकणारा उठून जनावरांना वैरण टाकायला जातो. वर्तमानपत्रात न कळलेली ओळ परत वाचता येते. रेडिओत तशी सोय नव्हती. निसटलं ते निसटलं.

म्हणून रेडिओसाठी लिहिताना वाक्य लहान हवं. एका वाक्यात एकच गोष्ट हवी. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी दिसायला हवं. आणि शब्द त्याच्या तोंडातला हवा. त्यासाठी ग्रामीण कार्यक्रमांत संवादाची पद्धत आली. चावडीवर किंवा बांधावर दोघं-तिघं बोलतायत, एक शंका काढतोय, दुसरा समजावतोय. ऐकणाऱ्याला वाटावं की हे आपल्याच गावात चाललंय.

आता 'बनगरवाडी'चं कुठलंही पान उघडा. वाक्यं लहान आहेत. विशेषणं जवळपास नाहीत. माणूस कसा बसला, त्याने पागोटं कसं काढलं, चिलीम कशी भरली, हे दिसतं. त्याच्या मनात काय चाललंय ते लेखक सांगत बसत नाही, माणसाच्या बोलण्यातून ते आपल्याला कळतं. हे पुस्तक रेडिओच्या नोकरीने घडवलं असं म्हणता येणार नाही, कारण ते लिहिलं गेलं ते जवळजवळ नोकरीच्या तोंडावर. उलट म्हणावं लागेल. ज्याला असं लिहिता येत होतं, त्याच्यासाठी ती नोकरी योग्य होती.

नाटकांतही हे दिसतं. 'तू वेडा कुंभार', 'पती गेले गं काठेवाडी' ही त्यांची नाटकं रंगभूमीवर आली, कारण बोलणं कसं ऐकू येतं हे या लेखकाला ठाऊक होतं.

मग त्यांनीच सगळं गाव सांगितलं का?

नाही, आणि हे सांगायला हवं. रामोशी, धनगर, मैलकुली यांच्याविषयी माडगूळकरांनी जिव्हाळ्याने लिहिलं, पण ते त्यांच्यातले नव्हते. ते कारकुनाच्या घरातले होते. गावकुसाबाहेरचं गाव त्यांना जेवढं दिसलं तेवढं त्यांनी लिहिलं.

उरलेलं त्याच मातीतल्या दुसऱ्या माणसाने लिहिलं. शंकरराव खरात, जन्म १९२१, गाव आटपाडी. वडिलांकडे तराळकी, म्हणजे गावाची वेठबिगारीची चाकरी. शंकरराव शिकून वकील झाले, डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत आले, 'प्रबुद्ध भारत'चं संपादन केलं, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचं आत्मचरित्र म्हणजे 'तराळ-अंतराळ'. गाव तेच, पण ते कुठल्या टोकाला उभं राहून पाहिलं जातं त्यावर सगळं बदलतं.

आणि एक विलक्षण योगायोग. १९८३ चं अंबाजोगाई संमेलन, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. १९८४ चं जळगाव संमेलन, अध्यक्ष शंकरराव खरात. सलग दोन वर्षं मराठी साहित्याचं अध्यक्षपद एकाच दुष्काळी तालुक्यातल्या लेखकांकडे होतं. दोघांची पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर एक गाव पुरं दिसतं.

बंदूक सुटली, दुर्बीण आली

माडगूळकर तरुणपणी शिकारीला जायचे. हळूहळू बंदूक मागे पडली आणि ते नुसतं बघू लागले. नागझिऱ्याच्या जंगलात राहून त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. १९८२ मध्ये आलेली 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळ्यांची आहे. एक नर टोळीचा मालक असतो, दुसरा येतो, लढाई होते, सत्ता बदलते, आणि आधीच्या मालकाच्या पिल्लांचं जे व्हायचं ते होतं. माणूस तिच्यात जवळजवळ नाही. वाचताना मात्र माणसंच आठवत राहतात. याच पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

इथेही पद्धत तीच होती. आधी तासन् तास गप्प बसायचं, बघायचं, ऐकायचं. मग लिहायचं.

दरवर्षी हिवाळ्यात भिगवण, कुंभारगावच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरतात आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या तिकडे वळतात. फोटो मिळाला की बहुतेक जण परत फिरतात. त्या पाण्यात नाव घालणारा मच्छीमार मात्र पक्ष्यांचं येणं-जाणं, पाण्याचं चढणं-उतरणं रोज बघत असतो. अशा बघण्यातूनच माडगूळकरांचं लेखन आलं.

आता परत उजनीकडे

धरणाचं बांधकाम १९६९ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये पूर्ण झालं. जलाशयाला नाव मिळालं यशवंतसागर. एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. पातळी त्याच्या खाली गेली की आपण धरण मायनसमध्ये गेलं म्हणतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते फार खाली गेलं होतं आणि तळाशी असलेलं बरंच काही उघडं पडलं होतं.

या पाण्याने सोलापूर जिल्ह्यात ऊस आला, केळी आली, कारखाने आले, शहराच्या नळाला पाणी आलं. हे सगळं खरं आहे. त्यासाठी भीमाकाठची गावं उठली, हेही तितकंच खरं आहे. आज पळसदेव, केत्तूर, कुगाव, चिखलठाण, वांगी अशा काठच्या भागात म्हाताऱ्या माणसांशी बोलायला बसलात की जुनं गाव हा शब्द दहा मिनिटांत निघतो.

किती जमीन गेली, किती मोबदला ठरला, किती कुटुंबं हलली, याच्या नोंदी सरकारदरबारी आहेत. पण शिवारांची नावं, वाटांची नावं, डोहांची नावं, नदीला उतार कुठे होता, जत्रेत पहिला मान कुणाचा, कुठल्या घरातून शेवटची गाडी निघाली, हे कुठल्याही फायलीत नाही. बनगरवाडीला ऐकून घेणारा मास्तर मिळाला. इथल्या पुष्कळ गावांना तो मिळाला नाही.

मग आपण काय करू शकतो?

माडगूळकरांच्या काळात आवाज टिपायचा तर आकाशवाणीची जड यंत्रं लागायची. आज त्यापेक्षा सोपं यंत्र तुमच्या खिशात आहे. ज्यांच्या घरात जुन्या गावाची आठवण असलेलं माणूस आहे, त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी.

- व्हिडिओ नको, आधी फक्त आवाज घ्या. समोर कॅमेरा धरला की माणूस अवघडतो. मोबाईलमधलं रेकॉर्डर पुरेसं आहे.
- फोन फ्लाइट मोडवर टाका. पंखा बंद करा. फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवा.
- सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात सांगा. दहा वर्षांनी हीच ओळख उपयोगी पडते.
- धरणाबद्दल तुमचं मत काय, असा प्रश्न विचारू नका. तुमच्या घरातून नदीला कसं जायचं, असं विचारा. माणूस चालायला लागतो आणि सगळं गाव सांगतो.
- बाईमाणसांना वेगळं बसवून विचारा. पाणवठा, जातं, माहेरची वाट, हे गाव पुरुषांना माहीत नसतं.
- गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांनाही विचारा. नाहीतर अर्धंच गाव राहील.
- मध्ये बोलू नका. ते गप्प झाले तर तुम्हीही थोडा वेळ गप्प बसा.
- फाइल दोन ठिकाणी ठेवा. फोन हरवतो, फुटतो, पाण्यात पडतो. आणि कुणालाही पाठवण्याआधी बोलणाऱ्याला विचारा.

यात अवघड तंत्र काही नाही. अवघड आहे ते शेवटून दुसरं, गप्प बसणं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सिग्नल आणि नॉइज वेगळे कसे करायचे हे मी शिकलो. समोरचा माणूस बोलत असताना नॉइज आपणच असतो, हे मात्र बातमीदारीत आल्यावर कळलं.

माडगुळ्याच्या त्या मुलाकडे सर्टिफिकेट नव्हतं. त्याने मास्तर होऊन पोरांचं ऐकलं, पत्रकार आणि लेखक होऊन माणसांचं, रेडिओत जाऊन शेतकऱ्याचं, जंगलात जाऊन वानरांचं. त्यामुळे ओस पडलेली एक वाडी आजही बोलते.

पुढच्या उन्हाळ्यात उजनी पुन्हा खाली जाईल. मंदिर वर येईल. तुम्ही जाल, फोटो काढाल, जरूर काढा. फक्त जाताना घरातल्या आजोबांना किंवा आजीला सोबत न्या. मंदिराकडे पाठ करून त्यांना विचारा, आपलं घर कुठे होतं? आणि रेकॉर्डरचं लाल बटण दाबा.